पट्टी धरणारी

मी जळकुकडी आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढे वाचताना कुणी मला समजूतदार वगैरे समजायचं. माझ्या चुलत बहिणीला नोकरी लागली, मला लागली नाही, आणि तिचं अभिनंदन करताना मी गाल दुखेपर्यंत हसले. घरात सगळ्यांना ते हसू खरं वाटलं. तिला वाटलं की नाही, कोण जाणे.

ती माझ्याहून काही महिन्यांनीच लहान, म्हणून घरात मी मोठी आणि ती धाकटी. काकाचं बिऱ्हाड खालच्या मजल्यावर, आमचं वर. जिना एकच. निकालाच्या दिवशी वरच्या मजल्यावरून माझे गुण सांगणारा आईचा आवाज जिन्यात घुमायचा आणि खालून काका "असू दे गं, पास झाली ना" असं म्हणताना ऐकू यायचा. काकू तर येता-जाता धाकटीला सुनवायची, "जरा मोठीकडे बघ, शीक काहीतरी." मला ते ऐकायला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

तरी मी तिच्यावर जळायचेच. गुणांचं सोडा, माणसांचं बघा. ती कॅन्टीनमध्ये शिरली की बाकावरची चार माणसं सरकून जागा करायची. मी शिरले की तीच माणसं विचारायची, "उद्या काही जमा करायचंय का?" तिच्या फालतू विनोदावर शिपाईसुद्धा हसायचा आणि माझ्या चांगल्या विनोदावर ती एकटी हसायची. तेही मला आवडायचं नाही. तिने हसून माझ्यावर उपकार केल्यासारखे वाटायचे.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला आणि माझ्या पाठोपाठ तीही आली. तिला बिचारीला कुणी विचारलंही नाही. दोघी एकत्र जातील, एकत्र येतील, मोठी अभ्यास घेईल, असा काकाचा हिशेब. विद्यापीठाच्या फाटकाशी एक भलामोठा फलक होता. त्यावर डोक्यावर पिवळी हेल्मेटं घातलेली मुलंमुली कशालातरी खूप हसत होती आणि खाली लिहिलं होतं, "पदवी हातात, नोकरी दारात." रोज तिथून आत जाताना मला त्या हेल्मेटवाल्यांत माझा चेहरा दिसायचा. पहिल्याच तासाला सरांनी प्रत्येकाला विचारलं होतं की या शिक्षणातून तुम्हाला काय हवंय. कुणाला पूल बांधायचे होते, कुणाला सरकारी खुर्ची हवी होती, एकाला ऊन न लागणारं काहीही चालणार होतं. मी तर चांगलं भाषण ठोकलं. धाकटीची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली, ओढणीचं टोक चुरगाळलं आणि म्हणाली की अजून माहीत नाही. वर्ग हसला, मीही हसले.

सर्वेक्षणाच्या विषयाला जोड्या पाडल्या गेल्या. जमिनीचा उंचसखलपणा मोजायचा तर दोन माणसं लागतात. एकाने तिपाईवर बसवलेल्या दुर्बिणीतून बघायचं, दुसऱ्याने लांब जाऊन आकडे रंगवलेली उंच पट्टी जमिनीवर उभी धरायची. दुर्बिणीतल्या आडव्या रेघेवर पट्टीचा जो आकडा येईल तो टिपायचा, मग पुढची जागा. असं करत मैदानाला वळसा घालून निघालो तिथेच परत यायचं. सुरुवातीची उंची आणि शेवटची उंची जुळली की फेरी बंद झाली म्हणायचं. नाही जुळली तर कुठेतरी माती खाल्ली आहे, आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून, उन्हात.

दुर्बीण मी घेतली. पट्टी तिच्याकडे गेली. यावर चर्चा झाली नाही, आमच्यात चर्चा व्हायचीच नाही.

सरांनी बजावलं होतं की आलटून पालटून करा, दोघींना दोन्ही यायला हवं. आम्ही माना डोलावल्या. पण गुण जोडीला मिळून असायचे, प्रात्यक्षिकाची परीक्षासुद्धा जोडीनेच, आणि गुण फेरी बंद होण्यावर. मग कोण कशाला आलटणार आणि पालटणार? सगळ्या वर्गाने हेच केलं. ज्याची नजर चांगली तो दुर्बिणीला चिकटला, दुसरा पट्टी घेऊन हिंडत राहिला. सुरुवातीला मी तिच्यावर मैदानभर ओरडायचे, डावीकडे हो, सरळ धर, झोपलीस का. पुढे ओरडायची गरजच उरली नाही. मी डोळा लावायचे आणि आकडा तिथे खिळा ठोकल्यासारखा स्थिर असायचा.

आमची फेरी दर वेळी बंद व्हायची. बाकीच्या जोड्या एकमेकांवर खेकसत मैदानात पुन्हा उतरायच्या तेव्हा आम्ही सावलीत बसून पाणी प्यायचो. सर आमचं काम दुसऱ्या तुकडीला दाखवायचे आणि माझ्याकडे बोट करून म्हणायचे, "हिच्या नजरेतून काही सुटत नाही." मी वरवर संकोचायचे आणि आतून फुलायचे. धाकटी मागे कुठेतरी पट्टीच्या टोकाचा चिखल फडक्याने पुसत असायची. तेव्हा निदान या एका बाबतीत मला तिच्यावर जळावं लागत नव्हतं.

शेवटच्या वर्षी फलकावरच्या हसऱ्या मंडळींचं खरं रूप उघडं पडलं. कंपन्या येतील, येतील म्हणत वर्ष सरत आलं. संगणकवाल्यांच्या इमारतीसमोर गाड्या उभ्या राहायच्या, आमच्याकडे नोटीस बोर्डावर फक्त टाचण्या. ज्याला पूल बांधायचे होते तो मामाच्या दुकानात बसायची भाषा करू लागला. आणि मग एक कंपनी आली. सर्वेक्षण करणारी, मध्यम आकाराची, जागा एकच.

वर्गात सगळ्यांनी धरूनच टाकलं की ही जागा माझी. मीही धरलं होतं. आईने तर शेजारी सांगायला सुरुवात केली होती, आणि सांगताना वर "अजून नक्की नाही हं" असं जोडायची, ते नक्की असल्यासारखं. कंपनीच्या लेखी परीक्षेत मी पहिली आले. धाकटी निवडीच्या यादीत शेवटून पहिली होती. मी तिला म्हटलं, बरं झालं, अनुभव तरी मिळेल.

निवडीचा दुसरा टप्पा मैदानात होता. कंपनीकडून एक इंजिनिअर बाई आल्या होत्या, मान उन्हाने रापलेली, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावलेली, बोलणं मोजकं. त्यांच्याबरोबर पट्टी धरायला एक टोपीवाला माणूस. प्रत्येकाने एकट्याने दुर्बीण लावायची, आपण सांगू तिथे टोपीवाला पट्टी धरेल, छोटीशी फेरी करायची आणि बंद करून दाखवायची. मला हसूच आलं. आम्ही झोपेत करायचो असलं काम.

माझा नंबर आधी लागला. तिपाई झटक्यात उभी केली, दुर्बीण समपातळीत आणली, धडाधड आकडे टिपले. बाई बाजूला हाताची घडी घालून उभ्या होत्या. बेरजा-वजाबाक्या करून मी शेवटच्या ओळीवर आले आणि फेरी बंद झाली नाही. थोडीथोडकी नाही, चांगली तीन बोटं तफावत. पुन्हा बेरीज केली, पुन्हा तेच. मी म्हटलं, यंत्रात दोष असणार. बाई म्हणाल्या, तपासून बघ. तपासलं. यंत्र ठणठणीत होतं. मी बाजूला झाले.

मधे दोघेतिघे येऊन गेले, त्यांचीही फेरी बंद झाली नाही, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मग धाकटी आली. तिने तिपाईचा एक पाय ढिला ठेवला, तो घसरला, तिने पुन्हा लावला. दुर्बिणीचे स्क्रू उलटे फिरवले, मग सुलटे. मला आणखी बरं वाटलं. शेवटी एकदाचा तिने डोळा लावला आणि कितीतरी वेळ काही लिहिलंच नाही. मग मान वर करून टोपीवाल्याला हाक मारली.

"काका, पट्टी जरा पुढे-मागे डोलवा ना. हळूच."

टोपीवाल्याने बाईंकडे बघितलं. बाई जमिनीकडे बघत होत्या, पण त्यांचा चेहरा बदलला होता. टोपीवाल्याने पट्टी डोलवली. धाकटी बघत राहिली आणि मग तिने आकडा लिहिला. प्रत्येक जागी तेच, आधी डोलवा, मग लिहिणं. इतका वेळ लावला की मागची मुलं कुजबुजू लागली. आणि तिची फेरी बंद झाली.

तो माणूस मुद्दाम काही जागी पट्टी सरळ आणि काही जागी थोडी मागे झुकवून धरत होता. पट्टी डावी-उजवीकडे कलली तर दुर्बिणीतून दिसतं, पुढे-मागे कलली तर दिसत नाही, फक्त आकडा खऱ्याहून मोठा येतो. म्हणून पट्टी डोलवायला लावायची आणि सगळ्यात लहान आकडा धरायचा, कारण तो पट्टी सरळ असतानाचा. हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत मी हे आकृतीसकट लिहून आले होते, पैकीच्या पैकी गुण होते. पण एवढ्या वर्षांत एकदाही मला कुणाला डोलवायला सांगावं लागलं नव्हतं, कारण माझ्या समोर पट्टी धरून धाकटी उभी असायची.

निकाल संध्याकाळी फोनवर आला आणि काका जिना धडधडत वर आला. आजवर त्या जिन्याने एवढा आनंद खालून वर कधी वाहिला नव्हता. आई "छान झालं, छान झालं" म्हणत एकच भांडं पुसत राहिली. काकू माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणाली, तुझ्यामुळेच शिकली हो ती. त्या हाताखाली माझ्या अंगाचा तिळपापड झाला. काकू खाली गेल्यावर मी आईपाशी धुमसले, की जिने तीन वर्षांत दुर्बिणीला धड हात लावला नाही तिला नोकरी देतात म्हणजे काय. आईने भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "मग तुला का नाही घेतलं?" तिने टोमणा मारला नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मी खोलीत जाऊन दार लावलं.

त्यानंतर मी दिसेल तिथे अर्ज केले. सगळीकडून एकच प्रश्न, अनुभव आहे का? अनुभव घ्यायला आधी कुणीतरी कामावर घ्यायला हवं ना. पदवी हातात होती आणि दारात नोकरी सोडून सगळे येत होते, वीजबिलवाला, भंगारवाला, माझी चौकशी करायला आलेले शेजारी. शेजाऱ्यांना आई आता काहीच सांगत नव्हती. खालच्या मजल्यावर धाकटीचे नवे बूट दाराबाहेर असायचे, जाड तळाचे, साइटवर घालायचे. जिन्यातून जाताना मी त्यांच्याकडे न बघता जायचे, आणि न बघण्यासाठी ते कुठे आहेत हे रोज बघावं लागायचं.

एका दुपारी ती वर आली. माझ्या पलंगाच्या कडेला टेकली. मी पुस्तकात तोंड घालून बसले होते.

"ताई, बाईंनी मला पट्टी धरायला माणूस निवडायला सांगितलाय."

त्या कंपनीत तशी पद्धत होती. दुर्बीणवाल्याने आपला पट्टीवाला आपणच निवडायचा, कारण लांब उभ्या असलेल्या त्या माणसावर भरवसा नसेल तर सगळंच काम मातीत. मी पान उलटून म्हटलं, मग निवड की.

"तू येशील?"

मला वाटलं हिच्या थोबाडीत द्यावी. मी पुस्तक मिटलं आणि शक्य तितक्या थंडपणे म्हणाले, "मी पट्टी धरायला पदवी घेतली नाही."

"मीही नव्हती घेतली," ती म्हणाली.

मी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. ती पुढे सांगत राहिली, की काही महिने काढले तर अनुभवाचा दाखला मिळेल, बाईंना माझ्या लेखी परीक्षेचे गुण लक्षात आहेत, पुढची जागा निघाली तर आधी आतल्या माणसाचा विचार होतो. सगळं खरं होतं आणि सगळं माझ्या भल्याचं होतं, म्हणून तर जास्त झोंबलं. मी दोन दिवस आढेवेढे घेतले आणि हो म्हणाले. आईला सांगितलं की एकटी पोर कुठे माळावर हिंडणार, सोबत हवी. आतलं कारण वेगळं होतं. मला तिला चुकताना जवळून बघायचं होतं.

साइट शहराबाहेर होती, गोदामासाठी घेतलेली मोकळी जमीन, खुरटं गवत आणि दगड. टोपीवाल्याने मला पट्टी दिली. ही पट्टी चांगली होती, तिच्या पाठीवर पाण्याचा छोटा बुडबुडा बसवलेला होता. बुडबुडा वर्तुळाच्या मधोमध असला की पट्टी सरळ. तो फक्त पट्टी धरणाऱ्याला दिसतो. बाई धाकटीच्या बाजूला खुर्ची टाकून बसल्या. तिचं हे पहिलं स्वतंत्र काम होतं आणि फेरी बंद झाली तरच तिची नेमणूक पक्की होणार होती.

धाकटीने हात वर केला, मी पट्टी टेकवली. तिने डोळा लावला. एवढ्या लांबूनही तिची पाठ ताठ दिसत होती, बाई तिला काहीतरी म्हणाल्या आणि ती हसली. तिथेही लगेच जागा झाली होती तिला. मला आठवलं की अशीच मी उभी असायचे, आणि माझ्यामागे कधी कुणी खुर्ची टाकून बसलं नव्हतं. तिने हाताने डोलवायची खूण केली. मी पट्टी डोलवली, पण फक्त मागच्या बाजूला. थोडी झुकलेली ते जास्त झुकलेली, आणि परत. सरळ रेषेवर ती येऊच दिली नाही. सगळ्यात लहान आकडासुद्धा खोटा येणार होता. ही लबाडी फक्त पुस्तक नीट वाचलेल्या माणसालाच सुचली असती, आणि पुस्तक मी नीट वाचलं होतं.

तिने लिहिलं नाही. डोळा लावून तशीच उभी राहिली. मी डोलवत राहिले, माझे खांदे भरून आले. बाईंनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिने बाईंना काहीतरी सांगितलं, बहुधा पाणी प्यायचंय असं, आणि ती गवतातून चालत माझ्यापर्यंत आली.

"तिरकी धरतेयस," ती म्हणाली. आवाज अगदी हळू होता.

मी म्हटलं, तिथून ते दिसत नाही.

"पट्टी दिसत नाही. पण दुर्बिणीत तुझं तोंड दिसतं. सरळ धरायची असती तर तू बुडबुड्याकडे बघितलं असतंस. तू माझ्याकडे बघत होतीस."

मला वाटलं आता ती रडेल किंवा चिडेल, दोन्हींपैकी एकाला तरी माझ्याकडे उत्तर होतं. ती पट्टीला हात लावून उभी राहिली. कॉलेजच्या पट्टीला बुडबुडाही नव्हता. धाकटी ती नुसत्या हाताच्या अंदाजाने सरळ धरायची. "मीही तुझ्यावर अशीच जळायचे," ती म्हणाली. "रोज. सर तुझ्याकडे बोट दाखवायचे ना, तेव्हा तर खूपच."

"मग एकदा तरी तिरकी धरायचीस."

"धरली असती तर तू तपासायला शिकली असतीस, ताई. मग आज हे बूट तुझ्या पायात असते."

मी विचारलं, हे तुला तेव्हा कळत होतं का. ती खोटं बोलू शकली असती, मी विश्वास ठेवला असता, घरात सगळे तिला भोळीच समजतात.

"शेवटच्या वर्षी कळलं," ती म्हणाली. "मग मी आणखीच सरळ धरायला लागले."

ती परत गेली. हात वर केला. मी पट्टी सरळ केली, बुडबुडा मधोमध आणला आणि तिची फेरी बंद झाली. बाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. परतीच्या वाटेवर आम्ही बसमध्ये शेजारी शेजारी बसलो आणि तिने तिच्या डब्यातलं अर्धं मला दिलं. मी खाल्लं.

याला आता बरेच महिने झाले. तिची नेमणूक पक्की झाली आहे, मी अजून पट्टीच धरते. पुढची जागा निघणार असं बाई म्हणतात, मैदानात परीक्षा होईल, आतल्या सगळ्यांची, धाकटीचीही, कारण जागा वरची आहे. मी तिच्याबद्दल कुणाकडे वावगा शब्द काढत नाही. काकू म्हणते मोठी किती बदलली. मी बुडबुड्यावरची नजर काढत नाही, श्वाससुद्धा बेताने घेते, आणि पट्टी केसभर हलू देत नाही. सुरुवातीला ती प्रत्येक जागी डोलवायची खूण करायची. मग एखाददुसऱ्या जागी करू लागली. हल्ली ती डोळा लावते, आकडा लिहिते आणि मला पुढे जायला सांगते.